भिंतीकडे तोंड

(सोळाशे सत्तावन्न साल. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची एक वस्ती. सोमवारची दुपार; पिंपं बनवणाऱ्या इथामार कोलचं कामाचं छप्पर. इथामार, त्याची बायको हेप्सिबा आणि मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, कारभार बघणारे डीकन थॉर्प.)

डीकन : ...तर मग डोळ्यात काहीतरी गेलं असेल. भुसा गेला असेल. तू रात्रंदिवस भुशातला माणूस.

इथामार : रविवारी, शब्बाथच्या दिवशी, भुसा कुठला, डीकन? शनिवारी सूर्य बुडला की मी हत्यारं पुसून ठेवतो.

डीकन : पोटात कळ आली असेल.

इथामार : कळ आली तर माणूस दाराकडे पळतो. भिंतीकडे तोंड करून कशाला उभा राहील?

डीकन : अरे देवा! मी तुला बुडताना दोरी टाकतोय आणि तू ती नीट गुंडाळून माझ्याच हातात परत देतोयस!

इथामार : खोटं कसं बोलू?

डीकन : खोटं बोल असं मी म्हटलं का? आठव, एवढंच म्हणतोय. पाळकांनी माझ्या नातवाला बाप्तिस्म्यासाठी हातावर घेतलं. कथलाच्या पात्रात बोटं बुडवली. दोनशे माणसं उभी. आणि तू, अख्ख्या मंडळीला स्तोत्राची ओळ घालून देणारा माणूस, पाळकांपासून चार हातांवर बसलेला, तू उठलास आणि सरळ पाठ फिरवलीस.

इथामार : ते मान्यच आहे.

डीकन : मान्य आहे म्हणे! का फिरवलीस?

इथामार : तेच सापडत नाहीये. कालपासून शोधतोय.

हेप्सिबा : रात्रभर शोधत होते. गादीतच कुठेतरी ठेवलं असल्यासारखे कूस बदलत होते. बसा डीकन, ते पालथं पिंप आहे त्यावर. हा घ्या सफरचंदाचा रस. थोडा आंबलाय, पण प्या.

डीकन : बरं झालं तू आलीस, पोरी. ह्याला समजावून सांग. आज मी एकटा आलोय. रीतच आहे तशी, आधी एकाने जायचं, चार भिंतींच्या आत बोलायचं. त्याने भागलं नाही तर दोन साक्षीदार घेऊन जायचं. तेवढ्यानेही नाही भागलं तर गुरुवारच्या प्रवचनानंतर सगळ्या मंडळीपुढे. ही ख्रिस्ताने घालून दिलेली रीत आहे, माझ्या पदरची नव्हे. मला हे आजच, पहिल्याच पायरीवर संपवायचं आहे. माझे गुडघे पायऱ्या चढायच्या लायकीचे उरले नाहीत.

हेप्सिबा : गावात काय बोलतायत?

डीकन : गावात तीन तोंडं झालीत. एक म्हणतं, कोलला लेकराचं दुःख आहे, दुसऱ्याच्या लेकरावर पाणी पडताना बघवलं नाही. हे तोंड भलं आहे. दुसरं म्हणतं, त्याचा थॉर्पवर राग आहे, म्हणून थॉर्पच्या नातवाचा अपमान केला. हेही मी पोटात घालीन. पण तिसरं म्हणतं...

हेप्सिबा : की हे त्या लोकांतले झाले.

डीकन : त्या लोकांची खूणच ती आहे ना! लहानग्यांचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नाही. मोठं व्हावं, समजून-उमजून विश्वास धरावा आणि मग पाण्यात उतरावं, असं त्यांचं वेड. तोंडाने बोलले तर फटके बसतात, म्हणून बोलत नाहीत. बाळावर पाणी पडायच्या वेळी गुपचूप पाठ फिरवतात. विणकर हॉस्किन्स अस्साच उभा राहायचा. आठवतो ना?

इथामार : आठवतो. त्याला खांबाला बांधलं तेव्हा मी होतो.

डीकन : त्याच्याशी तू कधी बोललास?

इथामार : बोललो. पिंपाबद्दल.

डीकन : किती वेळ?

इथामार : पिंप मोठं होतं.

हेप्सिबा : अहो!

इथामार : विचारतायत म्हणून सांगतोय. गेल्या शरदात रंगाचं पिंप गळत होतं त्याचं. मी खाली बसून कडं ठोकत होतो. तो वरून म्हणाला, "बंधू, बाळाला कुणी विचारलं का?" मी म्हटलं, "काय विचारायचं?" तो म्हणाला, "तेच तर." बास. पुढे पिंपाचंच बोललो.

डीकन : आणि हे तुझ्या मनात राहिलं?

इथामार : राहिलं म्हणजे... विसरलो होतो. मग हिवाळ्यात आमचं लेकरू गेलं आणि परत आठवलं. आता ते आठवलं म्हणून मी वळलो, की लेकरू आठवलं म्हणून वळलो, की तुम्ही समोर दिसलात म्हणून वळलो? तिन्ही एकाच वेळी झालं, डीकन. एका भांड्यात तीन धान्यं शिजवली तर कुठल्या धान्याचा वास येतोय ते कसं सांगायचं?

डीकन : मी समोर दिसलो म्हणून? म्हणजे तुझा राग आहे माझ्यावर.

इथामार : आहे की नाही, तेही ठाऊक नाही.

हेप्सिबा : माझा आहे. माझ्यापुरतं ठरवायला सोपं आहे.

डीकन : पोरी...

हेप्सिबा : सोमवारी जन्मली, डीकन. गुरुवारी संध्याकाळी ओठ निळे पडले. हे गुडघाभर बर्फातून पाळकांच्या दारी गेले. तुम्ही तिथेच बसला होतात, दार तुम्ही उघडलंत. "घरी येऊन पाणी घाला," हे म्हणाले. तुम्ही काय म्हणालात?

डीकन : मी नियम सांगितला. बाप्तिस्मा शब्बाथलाच होतो, सभाघरातच होतो, मंडळीसमोरच होतो. घरोघरी जाऊन मरत्या लेकरांवर पाणी शिंपडायचं ही जुन्या देशातली अंधश्रद्धा. ती सोडून तर आपण समुद्र ओलांडला.

हेप्सिबा : "शब्बाथला घेऊन ये," असं म्हणालात तुम्ही. शुक्रवारी सकाळी ती गेली. शब्बाथला काय घेऊन येणार होतो आम्ही?

डीकन : मला ते दार रोज आठवतं, हेप्सिबा. तुला वाटत असेल नाही आठवत.

इथामार : डीकन, एक विचारू? राग धरू नका.

डीकन : विचार.

इथामार : पाणी लागतं का?

डीकन : म्हणजे?

इथामार : लेकराला. तरून जायला. पाणी लागतं का?

डीकन : लागत नाही. कोण म्हणतं लागतं? देवाचा करार विश्वासणाऱ्या बापाकडून लेकराकडे येतो. तुझी मुलगी देवाच्या करारात जन्मली आणि करारातच गेली. मी छातीवर हात ठेवून सांगतो.

इथामार : मग पाणी लागत नाही.

डीकन : लागतं! देवाची आज्ञा आहे. पाणी म्हणजे करारावरची मोहर.

इथामार : मोहर नसली तरी करार खरा?

डीकन : खरा.

इथामार : म्हणजे मोहर नसली तरी चालतं.

डीकन : चालत नाही! मोहर नको असं जाणूनबुजून म्हटलं तर तो देवाचा अवमान आहे.

इथामार : आणि मागायला गेलो, आणि मिळाली नाही, तर?

डीकन : तर... तर ती निराळी गोष्ट. त्याला... थांब. तू मला गोंधळात टाकतोयस.

हेप्सिबा : रस सांडतोय तुमचा, डीकन. मांडीवर.

इथामार : गोंधळात टाकायचं नाहीये मला. मीच त्यात आहे, तुम्हाला हाक मारतोय. कालचंच बघा ना. पाळकांनी बोटं बुडवली, मी ते पाणी पाहिलं. आणि मनात आलं, हे जर नुसती मोहर असेल तर माझ्या पोरीच्या वेळी तुम्ही ती एवढी कुलूपबंद का ठेवलीत? आणि हे जर नुसती मोहर नसेल, तर माझी पोर कुठे आहे? त्यानंतर मला भिंतच दिसली. फळीतली एक गाठ. ती गाठ अजून डोळ्यांपुढे आहे.

डीकन : पण हे दुःखच आहे, लेका! हे तू आत्ता बोललास ना, हेच गुरुवारी बोल; पाठ सगळ्यांदेखत फिरवलीस, तर क्षमाही सगळ्यांदेखतच मागावी लागते. "बंधूंनो, दुःखाने मी आंधळा झालो, चुकलो, मला क्षमा करा." एवढ्या तीन गोष्टी. अर्धी मंडळी रडेल. पाळकही रडतील, ते फार लवकर रडतात. तू परत आपल्या जागेवर बसशील आणि स्तोत्र सुरू करशील.

हेप्सिबा : आणि नाही म्हणाले तर?

डीकन : नाही म्हणाला तर आधी त्याच्याकडून स्तोत्र काढून घेतील. ते काम बंधू एल्डाडकडे जाईल.

हेप्सिबा : एल्डाड! देवाने स्तोत्रं लिहवून घेतली तेव्हा एल्डाडचा विचार केला नसणार. त्याने घसा साफ केला तरी आमच्या गाईचं दूध आटतं.

डीकन : हसण्यावारी नेऊ नकोस. मग प्रभुभोजन बंद. मग मंडळीतून नाव कमी. आणि तो जर म्हणाला की लेकरांचा बाप्तिस्माच चूक, तर प्रकरण न्यायाधीशांकडे. तिथून थेट वस्तीबाहेर. हॉस्किन्स गेला तसा, खाडीपलीकडे, दलदलीत.

हेप्सिबा : आणि हे?

डीकन : काय हे?

हेप्सिबा : आंधळे आहात का? कपडे सैल करून दोन महिने झाले. पाचवा लागलाय.

डीकन : अगं... देव भलं करो. मला खरंच दिसलं नाही.

हेप्सिबा : ह्यांचं नाव मंडळीतून गेलं तर ह्या लेकराचं काय?

डीकन : आई-बापांतलं एक तरी पूर्ण सभासद असावं लागतं. तू सभासद नाहीस.

हेप्सिबा : नाही.

डीकन : तर मग ह्याचं नाव गेलं की बाळाचा बाप्तिस्मा नाही. शब्बाथलाही नाही, कधीच नाही.

हेप्सिबा : ऐकलंत? मला पाणी हवंय. ह्या खेपेला हवंय. लागतं की लागत नाही ते तुम्ही दोघे पिंपावर बसून ठरवत बसा. मला हवंय. ओल्या कपाळाचं लेकरू मला घरी आणायचंय.

इथामार : मग मी काय करू, तूच सांग.

हेप्सिबा : म्हणा की दुःखाने झालं. खोटं आहे का ते?

इथामार : खोटं नाही.

हेप्सिबा : झालं तर मग!

इथामार : पण पुरं नाही. "चुकलो" म्हणायचंय ना त्यापुढे? चुकलो म्हटलं की त्याचा अर्थ, ते पाणी तसंच पाहिजे, तिथेच पाहिजे, त्याच दिवशी पाहिजे, आणि मी त्याच्याकडे पाठ केली हे पाप. मग जिला ते मिळालंच नाही तिच्याकडे मी काय तोंड करू? गुरुवारी मी "चुकलो" म्हणालो तर मी तिच्याकडेच पाठ फिरवतोय, असं मला वाटतं. आणि "चुकलो नाही" म्हणालो तर ह्याच्याकडे, जे अजून यायचंय त्याच्याकडे.

डीकन : तुझा लहानग्यांच्या बाप्तिस्म्यावर विश्वास आहे की नाही? एका शब्दात सांग.

इथामार : सकाळी असतो.

डीकन : अरे, हे काय उत्तर झालं!

इथामार : स्तोत्र चालू असतं तोवर पक्का असतो. मी एक ओळ म्हणतो, दोनशे माणसं तीच ओळ उचलतात. पुढची ओळ तोंडात तयारच असते. तेवढा वेळ मला काही विचारावंसं वाटत नाही, डीकन. सगळे मेलेले, जिवंत, समुद्रापलीकडचे, एकाच आवाजात आहेत असं वाटतं. गाणं थांबलं की पुन्हा सगळं सुटं सुटं. काल तर मी सुरुवात एका चालीत केली आणि दुसऱ्या ओळीला भलत्याच चालीत गेलो.

डीकन : ते सगळ्यांच्या लक्षात आलं. बायका एक चाल गात होत्या, पुरुष दुसरी. माझा नातू त्यानेच रडायला लागला, पाण्याने नव्हे.

हेप्सिबा : मी दोन्ही गायले. आलटून पालटून.

डीकन : बंधू, मी म्हातारा झालोय. मी तुला खोटं बोलायला सांगत नाही, पण "माहीत नाही" असं लिहायला आमच्या वहीत जागा नाही. पश्चात्तापी, नाहीतर हट्टी. दोनच.

इथामार : हट्टी तर मी नाही. हट्ट धरायला हातात काहीतरी असावं लागतं.

डीकन : तेच तर! न्यायाधीशांकडे पाठवायचं तरी ठाम मत लागतं. तुझ्याकडे तेही नाही. तुला धड पाखंडीसुद्धा होता येत नाही!

इथामार : म्हणजे वस्तीबाहेर काढणार नाहीत?

डीकन : मला काय ठाऊक! असा माणूस आजवर कधी आला नाही आमच्यासमोर. तुझं नाव मात्र रोखून धरतील. महिना, वर्ष, कोण जाणे. तू ठरवेपर्यंत.

हेप्सिबा : आणि बाळ माझ्या पोटातून ह्यांचं ठरेपर्यंत थांबणार नाही.

डीकन : नाही थांबणार.

हेप्सिबा : डीकन, सभासद व्हायला मंडळीच्या पाच वडीलजनांपुढे आपला अनुभव सांगावा लागतो ना? देवाची कृपा कशी आली तो?

डीकन : तू दोनदा येऊन गेलीस की. दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटला नाही.

हेप्सिबा : तुम्ही विचारलंत, कृपा आली हे कोणत्या दिवशी कळलं. मला दिवस आठवेना. आठवेना म्हणजे, तसा दिवस झालाच नव्हता. आणि पाचही जण माझ्याकडे असे बघत होतात, जसं मी दुधाचा भाव विसरलेय. शेवटी मी म्हटलं, "बुधवार असावा."

इथामार : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

हेप्सिबा : सांगण्यासारखं काय होतं त्यात! डीकन खोकायला लागले होते.

डीकन : मी हसत होतो. देव मला क्षमा करो. पण मग आता काय? आता दिवस आठवला का?

हेप्सिबा : शनिवार.

डीकन : कुठला शनिवार?

हेप्सिबा : शुक्रवारी ती गेली, त्यानंतरचा. चार दिवस मी तिला हातावर धरून प्रार्थना करत होते. वरून काही म्हणजे काही आलं नाही. एक शब्द नाही. ती गेल्यावर मी भिंतीशी पडून होते, आता उठायचंच नाही असं ठरवून. ह्यांना विचारा, हे नुसते बसून होते. शनिवारी पहाटे मी उठले आणि मक्याचं पीठ मळलं.

डीकन : आणि?

हेप्सिबा : आणि काही नाही. भाकऱ्या भाजल्या. ह्यांना वाढल्या. पण मी उठले नव्हते, डीकन. मला पक्कं आठवतं. माझी उठायची इच्छा नव्हती, अंगात ताकद नव्हती, देवावर राग होता. मला कुणीतरी काखेत हात घालून उठवलं. ती मी नव्हते. एवढंच मला सांगता येईल. ह्याला कृपा म्हणतात का ते तुम्ही वडीलजन बघा.

डीकन : काखेत हात घालून, म्हणालीस?

हेप्सिबा : काय झालं? परत चुकलं का?

डीकन : नाही, पोरी. सत्तावीस वर्षं मी लोकांचे अनुभव ऐकतोय. कुणाला वीज दिसते, कुणाला वचन ऐकू येतं. बरेचसे एकमेकांचेच अनुभव सांगतात. हा मी आधी ऐकला नव्हता.

इथामार : हेप्सिबा, तू हे माझ्यासाठी करतेयस का?

हेप्सिबा : तुमच्यासाठी नाही. मला पाणी हवंय म्हणून. आणि थोडं तुमच्यासाठी. तुम्हाला खोटं बोलता येत नाही आणि खरं काय ते ठाऊक नाही. असा नवरा पदरात पडल्यावर बाईने काय करायचं?

डीकन : एक मिनिट. मला हे नीट मांडू द्या. गुरुवारी नवऱ्याचं नाव रोखायचं आणि त्याच आठवड्यात बायकोला सभासद करून घ्यायचं? नवऱ्याने पाण्याकडे पाठ केली म्हणून, आणि बायकोला पाणी हवं म्हणून? आणि दोघांचं कारण एकच लेकरू? पाळकांना हे मी कसं सांगू?

हेप्सिबा : बसवून सांगा. रडतील.

डीकन : वडीलजनांत दोघे विरोध करतील.

हेप्सिबा : पाचात दोघे. मला उरलेले तीन पुरे.

डीकन : तिघांत मी धरलेला आहे का?

हेप्सिबा : दार तुम्ही उघडलं होतंत, डीकन. आता एकदा उघडंच राहू द्या.

डीकन : हं. बुधवारी ये. दुपारी. आणि त्यांनी दिवस विचारला तर ठासून सांग. बंधू, तुझं काय? मी परत विचारतो, शेवटचं. गुरुवारी काय म्हणशील?

इथामार : जे झालं ते. उठलो, वळलो, तुमच्या घरच्यांना दुखवलं त्याबद्दल क्षमा मागेन, ती मनापासून मागेन. का वळलो ते माहीत नाही म्हणेन. देवाला माहीत असेल तर त्याने सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

डीकन : मग उद्या मला दोन साक्षीदार घेऊन यावं लागेल. रीत आहे.

इथामार : या. जेवायच्या वेळी या.

डीकन : एल्डाडला आणतोय.

हेप्सिबा : आणा. फक्त गाऊ नका म्हणावं. गाय आत बांधलेली असते.

डीकन : येतो. ह्या गुडघ्यांना कुणी हात देईल का? ...हां. देव तुमच्या घरात राहो. सगळ्यांसकट.

इथामार : गेले. खरंच बोलशील तू बुधवारी? पाच जणांपुढे?

हेप्सिबा : आत्ता एकापुढे बोलले ना. तसंच पाच वेळा.

इथामार : मला स्तोत्र घालून देता येणार नाही आता. मागच्या बाकावर बसवतील.

हेप्सिबा : मागून गा. दोन चाली गाऊ नका म्हणजे झालं.

इथामार : आणि थंडी पडल्यावर बाळ येईल, तू एकटी त्याला पुढे नेशील, पाळक बोटं बुडवतील... तेव्हा मला परत तसंच झालं तर? मी बघू शकेन की नाही, मला आत्ता सांगता येत नाही, हेप्सिबा.

हेप्सिबा : तोंड कुठेही करा. तिथे असा म्हणजे झालं.